पोर खारट हाय, बारके

ताई, शिवांशची तपासणी अजून झालेली नाही. हेच आधी सांगते, कारण तू हेच आधी विचारलं असतंस. घरात कोण कोण येऊन गेलं, आई जेवते का, तुझा कुठला फोटो लावला, हे सगळं नंतर. फोटो दहावीच्या ओळखपत्रावरचा मोठा करून लावलाय. तुला तो अजिबात आवडायचा नाही, ठाऊक आहे. पण नाकात नळी नसलेला दुसरा सापडला नाही. माफ कर.

तू जाऊन अठरा दिवस झाले. माणसं येतात, ओटीवर बसतात, चहा घेतात आणि उठताना म्हणतात, "सुटली बिचारी." मला त्यांच्या हातातला कप काढून घ्यावासा वाटतो. कशातून सुटली? तुला सुटायचं नव्हतं. तुला पुढच्या महिन्यात पोपटी खायची होती. वालाच्या शेंगा कुणाच्या वाडीतून आणायच्या, भांबुर्डीचा पाला कुणी आणायचा आणि मडक्यात अंडी किती घालायची, हे सगळं तू दादाला सांगून ठेवलं होतंस. सुटायला निघालेलं माणूस अंडी मोजत नाही.

मला लिहायची सवय नाही. कॉलेजात जर्नल लिहिते तेवढंच. आपल्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, म्हणून पत्र असो की अर्ज, सगळे माझ्यापुढे सरकवतात. तुला लिहायला मात्र कुणीच सांगितलेलं नाही. हे मीच लिहायला बसलेय, कारण आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि मला दुसरीकडे कुठे ते पुढे नेता येत नाही.

भांडण शिवांशच्या बारशाला सुरू झालं. खरं तर त्याच्याही आधी, दादाच्या लग्नात. आईनं तिच्या भावाची पोर मागितली. वैशू, आपली मामेबहीण, ती आपली वहिनी झाली. आपल्यात आतेमामे लग्नं होतातच, त्यात कुणाला काही वाटलं नाही. तू एकटी म्हणालीस, "आधी दोघांची रक्ततपासणी करा. माझा आजार आईबाबा दोघांकडून आलाय. आईच्या माहेरी पण तो असणार." आई म्हणाली, "भावाच्या पोरीची तपासणी करू? भाऊ काय बोलेल मना?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी तेव्हा नुकतीच बी.एस्सी.ला लागले होते, मला बोलता आलं असतं. मी मेंदीचे कोन आणायला गेले.

मग त्यांच्या पोराचं बारसं. रेवदंड्याला मामाचं घर, अंगणात मांडव, पाळण्याभोवती बायका गात होत्या. तुला गाडीतून उतरवून खुर्चीत बसवलं होतं, शेजारी ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर. मामी म्हणाली, "आत्यानं नाव ठेवायचं, ये गो." तू बाळावर वाकलीस, कानात नाव सांगितलंस, कपाळाला ओठ लावलेस आणि तशीच वाकलेली राहिलीस. मला वाटलं, दम लागला. मी घुगऱ्यांचं ताट तसंच ठेवून धावत आले.

तू अगदी हळू म्हणालीस, "पोर खारट हाय, बारके."

आणि मी म्हणाले, "तुझेच ओठ खारट असतील."

ताई, हे वाक्य मी किती वेळा परत घेतलंय. अंघोळ करताना, बसमध्ये, प्रयोगशाळेत परीक्षानळी धुताना. तुझ्या घामात मीठ जास्त हे खरंच होतं, पण मी ते शास्त्र म्हणून बोलले नव्हते. तू गप्प व्हावंस म्हणून बोलले होते. तुझा चेहरा पडला नाही, उलट तू विचारात पडलीस. म्हणालीस, "व्हय, असंल. मग तू बघ." मी म्हणाले, "नंतर." घुगऱ्या वाटायच्या होत्या ना.

ज्यांना माहीत नाही ते विचारतील, या मिठाचं एवढं काय? तू ती गोष्ट सांगायचीस तशी मला सांगता येणार नाही, पण सांगते. बाबा तेव्हा मिठागरात होते, ट्रेलर चालवायला नंतर गेले. मीठ काढायच्या दिवसांत तू त्यांची भाकरी घेऊन जायचीस आणि कपाळावर पांढरी रांगोळी घेऊन परत यायचीस. शाळेच्या निळ्या फ्रॉकच्या पाठीवर पांढऱ्या रेघा. आई पदरानं पुसायची आणि म्हणायची, "लोळलीस ना आगरात?" मिठागरवाल्यांच्या घरात पोर खारट लागली तर कुणाच्या मनात काय येणार? सगळं घरच खारट होतं. बाबांची गंजीफ्रॉक खारट, दोरीवरची गोधडी खारट. तू खोकायचीस त्याला गावात दमा म्हणत. पुढे एका डॉक्टरनं टीबी म्हटलं, वर्षभर त्याच्या गोळ्या खाल्ल्यास. खायचीस दोन माणसांचं आणि हात काड्यांसारखे.

तू नऊ वर्षांची असताना मुंबईला मुलांच्या मोठ्या इस्पितळात नेलं. मी पाच वर्षांची, आईच्या मांडीवर. डॉक्टरबाईंनी सगळं लिहून घेतलं आणि शेवटी विचारलं, "मुलीचा पापा घेतला की ओठांना खारट लागतं का हो?"

आई हसली. "आमची सगळीच पोरं खारट, बाई. मिठागरवाल्यांची हायत ना!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ही धाकटी पण? जरा बघा बरं."

आईनं तिथल्या तिथे माझ्या कपाळाला जीभ लावली. मग तुझ्या. मग पुन्हा माझ्या.

तू ही गोष्ट आल्यागेल्याला सांगायचीस. आईचा आवाज काढायचीस, बाईंचा काढायचीस आणि शेवटी म्हणायचीस, "बारकीला चाटली आणि मी सापडले!" लोक पोट धरून हसायचे. आई दरवेळी उठून आत जायची. आपल्याला वाटायचं, लाजते. आपण दोघी अगदी बिनडोक होतो, ताई.

सिस्टिक फायब्रोसिस हे नाव मी नीट म्हणायला शिकले तेव्हा चौथीत होते. आत काय होतं ते अकरावीत कळलं. पेशीच्या आवरणात मिठाला ये-जा करू देणारं एक दार असतं, ते बिघडतं, म्हणून घामात मीठ जास्त जातं आणि फुप्फुसात कफ डिंकासारखा घट्ट होतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षी परदेशातल्या नव्या गोळ्यांबद्दल वाचलं. त्या बिघडलेलं दार सरळ करतात. घेतल्यावर काहींना कफ सुटायला लागला, काहींची वजनं वाढली, कुणी डोंगर चढून आलं. मी ती पानं छापून पळतच घरी आले. तू तेव्हा भेंडी चिरत होतीस. सगळं ऐकून घेतलंस. मग तुझा जनुकांचा अहवाल घेऊन आपण इस्पितळात गेलो, आणि डॉक्टर म्हणाले की हिच्या जनुकांमधला बदल वेगळा आहे, हिच्या शरीरात ते प्रथिन तयारच होत नाही, त्यामुळे या गोळ्यांना काम करायला काही नाही.

बाहेर आल्यावर मी रडत होते आणि तू वडापावचा कागद चुरगाळत म्हणालीस, "म्हंजे दार दुरुस्त करायचं औषध निघालंय, आणि आपल्याकडं दारच नाय. बरोबर?"

मी म्हणाले, बरोबर.

"बग, मना पण कळतंय शास्त्र."

पण मी थांबले नाही. दर आठवड्याला काहीतरी शोधून आणायचे. तुझ्यासारख्या बदलांवर पण काम चालू आहे, दार बनवायची चिठ्ठीच श्वासातून आत पाठवायची, म्हणजे पेशी स्वतः दार बनवेल. माणसांवर चाचण्या चालू आहेत. तू एकदा विचारलंस, "मना कवा मिळंल? तारीख सांग."

"तारीख कशी सांगू?"

"मग लसूण सोल."

तेव्हा मला राग यायचा. वाटायचं, तुला जगण्याची आशाच नाही. आता वाटतं, तुला माझ्या आशेचा वैताग येत असेल. मी रोज येऊन तुला एका खोलीचं चित्र दाखवत होते आणि आत जायची वाट दाखवू शकत नव्हते. तुला आज संध्याकाळी कफ कसा पडेल याची चिंता होती. मी दहा वर्षांनंतरचं बोलत होते. कोण बरोबर होतं हे मला अजून ठरवता येत नाही. मी थांबायला हवं होतं का? तू सांगितलं असतंस तर थांबले असते. नाही, नसते थांबले.

आणि ती भविष्यातली सगळी औषधं बाजूला सारून तू शिवांशच्या मागे लागलीस. बारशाहून आल्यापासून रोज. "वैशूचा फोन आला होता, पोर सारखा पितो, पण अंगाला लागत नाय म्हणाली. तपासा त्याला." दादा म्हणायचा, "अगं महिन्याचं पोर, होईल गुटगुटीत." आई ओरडायची, "एकीला टोचून टोचून काय मिळालं? आता त्याला टोचायचंय?" तू म्हणालीस, "मना नवव्या वर्षी कळलं, त्याला दुसऱ्या महिन्यात कळंल. एवढंच मिळालं." आई उठून आत गेली. वहिनीला फोन करायला तू माझ्याकडे मोबाइल मागितलास. मी म्हणाले, ओली बाळंतीण आहे, घाबरेल, सव्वा महिना होऊन गेला की इकडे आल्यावर सांगू. त्याच आठवड्यात तुला ताप आला.

वॉर्डात तोंडावर मास्क होता. तू तो हातानं सरकवलास, नर्स ओरडली. तू मला विचारलंस, "गेलात?"

मी म्हणाले, "मंगळवारी जातोय. नंबर लागलाय."

नंबर लागलेला नव्हता. कुणीही कुठेही जाणार नव्हतं. तू मास्क परत लावलास आणि डोळे मिटलेस. समाधानानं मिटलेस असं मी सगळ्यांना सांगते. तुला मी खोटं बोलतेय हे कळलं असेल तर, ते मला सांगायला तू राहिली नाहीस.

तेराव्यानंतर वहिनी बाळाला घेऊन आली. सगळे मागच्या दारी भांडी आवरत होते. मी त्याला घेऊन पडवीत गेले आणि कपाळाला ओठ लावले. खारट. पण मी सकाळपासून रडत होते, माझं सगळं तोंडच खारट होतं. तोंड धुऊन पुन्हा बघावं म्हणून मोरीत गेले आणि नळ चालू करून तशीच उभी राहिले. प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी आम्हाला सांगितलंय, कुठलाही क्षार चाखून ओळखायचा नाही. आणि आपण काय करतोय? आई चाटते, तू चाटतेस, मी चाटते, आणि जिला विचारायला हवं तिला कुणीच काही सांगत नाही.

मी बाहेर आले आणि वहिनीला सगळं सांगितलं. लग्नाआधीचंही.

ती म्हणाली, "ताईंना बारशालाच कळलं होतं?"

"हो."

"आणि तुम्ही सगळे गप्प बसलात? मी पोराला रात्रंदिवस पाजतेय, माझंच दूध पातळ म्हणून मेथीचे लाडू खातेय, आणि तुम्ही गप्प?" ती आपल्या घरात एवढ्या मोठ्यानं पहिल्यांदाच बोलली. "उद्या जायचं. यांना सांगा, गाडी बघा."

आई दारात होती. म्हणाली, "नाय जायचं."

"आत्ते, का नाय जायचं?"

वहिनी आईला अजून आत्तेच म्हणते. आई खाली बसली. एवढी वर्षं आत निघून जायची, त्या दिवशी तिथेच बसली. म्हणाली, "उद्या डॉक्टर बोलंल, बरं झालं लवकर आणलात, ह्ये पोर जगंल. मग माझी पोर? नऊ वर्षं मी पदरानं मीठ पुसत बसले ना. मग तिला कुनी मारली?"

वहिनीनं बाळ दादाकडे दिलं आणि आईजवळ जाऊन बसली. हे सगळं काल झालं. तपासणीचा नंबर परवाचा मिळालाय. आई येणार की नाही, सांगत नाही. मी इथे थांबते.

हे पुढचं बारा दिवसांनी लिहितेय.

आई आली. सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसली. नव्या सागरी पुलावरून गेलो, खाली आपली खाडी दिसत होती, ती बघत नव्हती.

तुझ्या डॉक्टरबाई आता निवृत्त झाल्यात. नवीन डॉक्टर तरुण आहेत. घाम काढायची पद्धत तीच, हातावर औषधाची चकती, बारीकसा करंट, मग एका नळीत घाम गोळा करायचा. पहिल्या हाताचा घाम पुरला नाही. एवढंसं तर पोर, त्याला घाम तो किती येणार? दुसऱ्या हातावर पुन्हा केलं. दोन गोधड्यांत गुंडाळून वहिनी त्याला घेऊन बसली होती, तिलाच घाम फुटला होता. दादा बंद पडलेल्या मोबाइलकडे बघत होता. मला काय वाटत होतं सांगू? तू चुकलेली असावीस असं वाटत होतं. तुझेच ओठ खारट होते, असं निघावं. मी बोललेलं ते घाणेरडं वाक्य खरं ठरावं म्हणून मी देवाला नवस बोलत होते.

तू बरोबर होतीस, ताई.

डॉक्टर बोलत होते आणि वहिनी मान हलवत होती, काहीही न ऐकता. ते थांबल्यावर आई म्हणाली, "एक इचारू? माझी पोर व्हती ना, तिचं असंच दोन महिन्यांत कळलं असतं तर?"

मला वाटलं, आता ते काहीतरी गोड बोलतील. त्यांनी तुझी जुनी फाईल मागवलेली होती, ती उघडली, थोडा वेळ वाचली. म्हणाले, "आजी, खोटं सांगत नाही. तिला काही वर्षं जास्त मिळाली असती, बहुतेक. फुप्फुसं एवढ्या लवकर खराब झाली नसती."

"काही म्हंजे किती?"

"ते मलाच काय, कुणालाच नाही सांगता येणार."

दादा आईच्या खांद्याला हात लावायला गेला, तिनं तो झटकला. मग म्हणाली, "बरं. आता याचं सांगा. काय काय करायचं ते एकेक सांगा. ही लिहून घेईल." आणि मला कोपरानं ढोसलं.

मी लिहून घेतलं. दुधाच्या आधी पाचक औषधाचे दाणे. मिठाचं पाणी किती आणि कधी. छातीवर थोपटायचं कसं, ते आईनं त्यांनाच करून दाखवलं. त्यांनी तिचा हात जरा खाली सरकवला, तिनं ऐकलं. वही उघडीच होती म्हणून मी विचारलं, नव्या गोळ्यांचं काय? ते म्हणाले, जनुकांचा अहवाल यायला वेळ लागेल. त्यात गोळ्या लागू पडतील असा बदल असेल, किंवा तुझ्यासारखाच असेल. तुझ्यासारखा असला तर आज हातात काही नाही, पण शोध चालू आहेत, आणि याची फुप्फुसं अजून कोरी आहेत. "ती तशीच राखायची, औषध येईपर्यंत. येईलच असं वचन मी देत नाही. पण आलं तर त्या वेळी हा तयार हवा."

मी आजवर जे वाचत होते त्यात हे नव्हतं. औषध यायची वाट बघणं म्हणजे रोज काहीतरी करणं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तू सांगत होतीस की काय, लसूण सोल म्हणून? मी उगाच अर्थ काढत असेन. तू बहुतेक लसूणच सोलायला सांगत होतीस.

गाडीत वहिनीनं विचारलं, "याला चालतील का गो त्या गोळ्या?" माझ्या तोंडात "हो" आलंच होतं, वॉर्डात तुला म्हणाले होते तसं. मी म्हणाले, "माहीत नाही." ती रडायला लागली. मी पुन्हा म्हणाले, "खरंच माहीत नाही, वहिनी. कळलं की तुलाच आधी सांगेन." हे तुला सांगितलं नाही म्हणून तिला सांगत होते का? असेलही. आई पुढच्या सीटवरून म्हणाली, "रड, पन आधी पोराला पाज. दाने दिल्याबिगर पाजू नको." वहिनी रडतारडता दाण्यांची पुडी शोधायला लागली.

मी सरांना विचारलं, एम.एस्सी.ला जनुकशास्त्र घेता येईल का. ते म्हणाले, आधी हे वर्ष चांगलं काढ. हे मी घरात अजून कुणाला बोललेले नाही. तुलाच सांगतेय, आणि सांगतानाही भीती वाटतेय, की तू विचारशील, कुणासाठी? तुझ्यासाठी म्हटलं तर तू हसशील. शिवांशसाठी म्हटलं तर मी शिकून होईपर्यंत तो शाळेत जात असेल, कदाचित त्याचं औषध दुसऱ्याच कुणीतरी शोधून ठेवलं असेल. तसं झालं तर किती बरं. मग मी नुसतीच एक शिकलेली आत्या.

तुला धन्यवाद म्हणायचं होतं. तूही मला कधी म्हणाली नाहीस, आपल्यात तशी पद्धतच नाही. त्याला दुसऱ्या महिन्यात कळलं. तू वाकलीस म्हणून कळलं.

आता शिवांश झोपलाय आणि त्याच्या दाण्यांची वेळ झालीय. आई म्हणतेय, "उठव त्याला, वेळ चुकवायची नाय." वहिनी म्हणतेय, "आत्ते, आत्ताच डोळा लागलाय त्याचा, जरा थांबा ना." आवाज वाढायला लागलेत. दोघी मला हाका मारतायत, डॉक्टर नक्की काय म्हणाले होते ते वहीत बघून सांग म्हणून. उठायला हवं. येते, ताई.